जागल

शाळेत सर्वांत जास्त वेळा कोणते वाक्य कानी पडते, असे मला कोणी विचारले तर मी प्रार्थनेचे किंवा पाढ्यांचे नाव घेणार नाही. ते वाक्य म्हणजे, "सर, हा पाहा नं!" याने माझा खडू घेतला, त्याने माझ्या वहीवर रेघ ओढली, हिने मला नाव ठेवले. दिवसाला पन्नास फिर्यादी आणि न्यायाधीश एक. तोही आधीच घंटेकडे डोळे लावून बसलेला! अशा वेळी आम्ही मास्तर लोकांनी एक सोपा निकाल शोधून काढला आहे. "चुगल्या करू नयेत. जा, जागेवर बस." फिर्याद फेटाळली, खटला संपला.

गेल्या पावसाळ्यात सातवीतली एक मुलगी अशीच माझ्याकडे आली. मी चित्रकलेचा शिक्षक. प्रदर्शनाचा फलक रंगवण्यात माझी मान खाली होती. "सर, एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "कोणाची चुगली आणलीस?" मी कुंचला न थांबवता विचारले. ती क्षणभर उभी राहिली. मग "काही नाही सर," असे म्हणून निघून गेली. तिची पावले दाराबाहेर गेल्यावर मला कसेसेच वाटले. अक्षर बिघडले म्हणून मी ते पुसले आणि पुन्हा काढले. मुलीला मात्र परत बोलावले नाही.

ती गोष्ट मी विसरूनही गेलो असतो. पण अकोल्याच्या आम्हा लोकांना ऑगस्ट २०२४ विसरता येत नाही. बाळापूर तालुक्यातल्या काझीखेड गावी जिल्हा परिषदेच्या शाळेतील सहा मुलींशी शिक्षकाने गैरवर्तन केल्याची तक्रार झाली आणि त्या शिक्षकाला अटक झाली. पुढचा न्याय न्यायालयाचा. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. परंतु वर्तमानपत्रातली एक ओळ माझ्या मनात रुतून बसली. मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकाशी संपर्क साधला गेला आणि त्यानंतर हे प्रकरण उघडकीस आले, अशी ती ओळ होती. कुठल्याही शाळेत मुलाच्या चारी बाजूंना मोठी माणसे असतात. तरी त्याला आपले दुःख सांगण्यासाठी न पाहिलेल्या माणसाचा टेलिफोन जवळचा वाटावा, हे कशाने होते? मला माझा कुंचला आठवला, आणि "काही नाही सर" हे शब्द आठवले.

आपल्या भाषेत या बाबतीत मोठी समृद्धी आहे. चहाडी, चुगली, कागाळी, कानभरणी, कान फुंकणे, लावालाव. सांगणाऱ्याला हलके ठरवण्यासाठी इतके शब्द आपण घडवले. पण अन्याय पाहून योग्य जागी जाऊन सांगणाऱ्या माणसासाठी सन्मानाचा शब्द शोधू लागलो की अडखळतो. अलीकडे वर्तमानपत्रे त्याला 'जागल्या' म्हणू लागली आहेत. हा शब्द मला फार आवडला, कारण तो आमच्या वऱ्हाडच्या शेतातला आहे. सोयाबीन, तूर, हरभरा हाताशी आला की रोही आणि रानडुकरे रात्रीतून वावर फस्त करतात. म्हणून माणूस जागलीला जातो. चार बल्ल्या रोवून मचाण बांधतो, वर चढून बसतो आणि चाहूल लागली की टिनाचा डबा बडवून आरोळी ठोकतो. त्याची आरोळी ऐकून शेजारी जागे होतात. त्यांची झोप मोडते खरी, पण जागल्याने आमच्या वावराची बदनामी केली असे कोणी शेतकरी म्हणत नाही.

मग शाळेत, दवाखान्यात, कचेरीत कोणी असाच डबा वाजवला की आपण रानडुकराच्या मागे लागण्याऐवजी जागल्याच्याच मागे का लागतो? याचे उत्तर मी पुस्तकात शोधले नाही. त्यासाठी मला माझ्याच आयुष्याचे एक पान उघडावे लागते, आणि ते पान काही चांगले नाही.

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. आमच्या घरात अजून त्याला मॅट्रिकच म्हणतात. त्यावर चित्रकलेची पदविका घेतली आणि अकोला जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत लागलो. माझे अक्षर बरे होते. शाळेत ज्याचे अक्षर बरे त्याच्यामागे कामे फार. प्रमाणपत्रे तो लिहितो, सुविचार तो लिहितो आणि वर्षाच्या आरंभी हजेरीपत्रकेही तोच लिहितो. २००९ च्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी मला जवळ बसवून सांगितले की सहावी ते आठवीची मुले कमी भरत आहेत, तुकडी जाईल. तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि सर्वांत नवीन तर मीच होतो. "अठ्ठावीस नावं लागतील," ते म्हणाले. त्यांचा आवाज एखाद्या लबाडाचा नव्हता. मुलीच्या लग्नासाठी उसने मागणाऱ्या बापाचा तो आवाज होता.

आणि मी ती नावे लिहिली. पुढे माझ्या नावावर दोन-तीन कादंबऱ्या निघाल्या. पण खरे सांगायचे तर माझी पहिली कादंबरी म्हणजे ते हजेरीपत्रक. अठ्ठावीस मुले मी निर्माण केली. त्यांना वडील दिले, आडनावे दिली, जन्मतारखा दिल्या. कोणी रेल्वेच्या फाटकाजवळ राहत असे, कोणी गावठाणात. दोन जुळ्या बहिणीही होत्या! रोज सकाळी मी त्यांना हजर करी, आणि अतिशयोक्ती नको म्हणून अधूनमधून एखाद्याला तापाने गैरहजर ठेवी. हे लिहिताना आज हसू येत नाही. त्या वेळी मात्र मला त्यात कलाकुसरीचा आनंद होत होता.

त्या शाळेत खिचडी शिजवणारी एक बाई होती. सर्व जण तिला मावशी म्हणत. सहावी ते आठवीच्या मुलामागे दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ असा हिशेब असतो. पटावर मुले ८० आणि पंगतीला ५२. म्हणजे माझ्या मानसपुत्रांच्या वाट्याचे ४ किलो २०० ग्रॅम तांदूळ रोज कागदावर शिजत आणि कोठून तरी कोठेतरी जात. २०० दिवसांचे ८४० किलो होतात. हे गणित मी पुष्कळ वर्षांनी केले. मावशीला पाढे येत नव्हते, पण तिने ते पहिल्याच महिन्यात केले. साठ्याच्या नोंदवहीवर अंगठा लावण्याची वेळ आली तेव्हा तिने हात मागे घेतला. "सर, ताटं बावन्न हायेत. ऐंशीवर अंगठा मी कायले लावू?"

एवढेच ती बोलली. ती तहसीलला गेली नाही की वर्तमानपत्राकडे गेली नाही. ज्याने वही पुढे केली त्याच्याच तोंडावर तिने सांगितले. तरी दोन दिवसांत गावात झाले की मावशी शाळेची बदनामी करते, तिला कोणीतरी फितवले आहे. संस्थेच्या सचिवांना आम्ही भाऊ म्हणत असू. माणूस दिलदार, माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनीच गाडी पाठवली होती. भाऊंनी सर्वांना बोलावले. मावशी दाराशी उभी होती, हातात पळी तशीच. भाऊ मला म्हणाले, "सर, पंगतीवर तुम्ही असता. खरंच सांगा, किती लेकरं जेवतात?"

"मोजली नाहीत, भाऊ," मी म्हणालो.

हे वाक्य खोटे होते काय? मी खरोखरच मोजली नव्हती. मोजायची नाहीत अशी काळजी मी घेतली होती. पण त्या दोन शब्दांनी एका बाईचे काम गेले. पुढच्या महिन्यात दुसरी बाई आली, अंगठा लागला, शाळा सुरळीत चालली.

माझ्या मनात त्या वेळी काय होते ते मी प्रामाणिकपणे सांगतो. भीती होती, ती नाकारत नाही. परंतु भीतीपेक्षा अधिक होती ती कृतज्ञता. भाऊंचे उपकार होते, सहकाऱ्यांची पोटे होती, शाळेवर प्रेम होते. वाईट गोष्टी नेहमी वाईट भावनांच्याच पोटी जन्मतात असे नाही. पुष्कळदा त्या आपल्या सद्गुणांचा हात धरून घरात येतात; निष्ठा, भीड, मुरवत यांना कोण दार बंद करील? म्हणूनच सांगणारा माणूस आपल्याला कृतघ्न वाटतो, आणि गप्प बसणारा आपल्यातला वाटतो.

पुढे ३, ४ आणि ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सरकारने राज्यभर पटपडताळणी केली. नांदेड जिल्ह्यात आधी अशी मोजणी झाली होती. तिचे आकडे पाहून सारे राज्य मोजायचे ठरले. एकच मूल दोन शाळांत उभे केले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली. पटावरच्या सुमारे २० लाख मुलांचा पत्ता लागला नाही असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. १,४०४ शाळांत निम्मीही मुले हजर नव्हती. त्या २० लाखांत माझी अठ्ठावीस होती. जुळ्या बहिणीही होत्या. आमची तुकडी गेलीच, आणि मी अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत गेलो.

या आकड्याकडे पाहताना मला मोठा अचंबा वाटतो तो चोरीचा नाही, तर मौनाचा. २० लाख खोटी नावे लिहायला हजारो हात लागले असतील, आणि ती खोटी आहेत हे त्याहून कितीतरी अधिक लोकांना ठाऊक असेल. शिक्षकांना ठाऊक, कारकुनांना ठाऊक, शिपायांना ठाऊक, पंगतीत बसणाऱ्या पोरांना तर ठाऊकच. यांतला एकेक माणूस वेळेवर दोन शब्द बोलता, तर तीन दिवसांची शाई कशाला लागती? पण प्रत्येक जण मावशीकडे पाहून शहाणा झालेला.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, कायदे आहेत की! आहेत, आणि मी ते वाचलेही आहेत. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारासंबंधीच्या २०१२ च्या कायद्याने तर सांगणे हे प्रत्येकाचे कर्तव्यच ठरवले आहे. नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवावे लागते. सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही. आणि हाताखालच्या माणसाचा अपराध दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी हेच पुन्हा बजावले की माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे. खाजगी शाळेतल्या शिक्षकाला सूडबुद्धीने काढले तर १९७७ च्या कायद्याने त्याला ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. अमरावतीला असे न्यायाधिकरण आहे. मग अडते कोठे? मावशीपाशी अडते. तिच्याजवळ नेमणुकीचा कागदच नव्हता. जो सर्वांत जास्त पाहतो त्याच्यापर्यंत पोचता पोचता कायद्याचे पांघरूण अपुरे पडते.

आणि मोठ्या कागदाचीही कथा निराळी नाही. सत्येंद्र दुबे नावाच्या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोण रस्त्याच्या कामातील गैरव्यवहार थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला कळवला होता. आपले नाव गुप्त ठेवावे एवढी त्याची विनंती होती. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा खून झाला. न्यायालयात तो खून लुटारूंचा ठरला; पण नाव फोडले गेले ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. सांगणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, त्याला २०१४ च्या मे महिन्यात राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. परंतु तो अमलात आणण्याचा मुहूर्त काही लागलेला नाही.

मला वाटते, आपण सारा भार धैर्यावर टाकतो, येथेच आपले चुकते. सत्य बोलायला शूर माणूस लागतो असे आपण मुलांना शिकवतो, आणि मग शूर माणूस सापडत नाही म्हणून हळहळतो. पण जागलीला जाणारा माणूस काही वाघ नसतो. त्याला मचाण बांधून दिलेले असते म्हणून तो जागू शकतो. त्याला उघड्या वावरात रानडुकरांच्या वाटेत उभा करून "आता ओरड" म्हटले, तर तोही गप्प राहील. चांगली शाळा मी तिला म्हणेन जेथे खरे बोलायला धैर्य लागत नाही. साधी भोळी, भित्री, पोटार्थी माणसेही जेथे खरे बोलू शकतात.

हे मचाण कसे बांधावे? त्याला फार लाकूड लागत नाही. सांगायला दोन दारे असावीत; ज्याच्याविषयी सांगायचे त्याच्याच दारातून जावे लागू नये. सांगितल्याची पोच मिळावी, तारखेसकट. आपल्याकडे गाय विकली तरी पावती घेतात, मग मनावरचा दगड उतरवल्याची पावती का नसावी? अमुक दिवसांत उत्तर मिळेल हे ठरलेले असावे. चौकशी चालू असेपर्यंत सांगणाऱ्याच्या कामाला कोणी हात लावू नये, मग तो मुख्याध्यापक असो की मावशी. आणि त्याचे नाव गरजेपलीकडे कोणाला कळू नये.

आता शाळांतून तक्रारपेट्या बसवल्या आहेत, सखी सावित्री समित्या झाल्या आहेत. २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेने महाराष्ट्र हादरल्यावर तर पुष्कळ नवे आदेश निघाले. हे चांगलेच झाले. आमच्या शाळेतही पेटी आहे. प्रथम उघडली तेव्हा तिच्यातून गोळ्यांचे कागद, एक तुटकी पट्टी आणि 'चित्रकलेचे तास वाढवा' अशी एक चिठ्ठी निघाली. ते अक्षर माझे नव्हते, एवढे मी शपथेवर सांगतो! पण पेटीपेक्षा तिची किल्ली कोणाजवळ, हा प्रश्न महत्त्वाचा. पोरे फार चलाख असतात. किल्ली कोणाच्या खिशात जाते हे पाहूनच ती चिठ्ठी टाकायची की नाही ते ठरवतात.

तुम्ही म्हणाल, अशाने प्रत्येक रुसवा तक्रार होईल आणि भल्या माणसाच्या तोंडाला काळे लागेल. ही भीती खरी आहे. खोटी तक्रार करणारे लोक जगात आहेत. एखाद्या शिक्षकाचे आयुष्य एका अफवेने उद्ध्वस्त होऊ शकते. पण अफवा कोठे वाढते ते पाहा. जेथे सांगायला जागा नसते तेथेच ती पानठेल्यावर जाऊन बसते. पानठेल्यावर चालणाऱ्या खटल्यात आरोपीला बोलावीत नाहीत, साक्षीदाराला नाव नसते आणि निकाल मात्र कायमचा असतो. रीतसर चौकशीत आरोपीलाही खुर्ची मिळते. निर्दोष माणसाचेही खरे रक्षण त्या खुर्चीतच आहे. चहाडी आणि जागल यांतला फरकही मला येथेच दिसतो. चहाडखोराला अंधार हवा असतो, आपले नाव कोठे येऊ नये आणि दुसऱ्याने बोलू नये असे त्याला वाटते. शिवाय त्याचे बोलणे बहुधा दुबळ्याविरुद्ध बलवंताच्या कानी जाते. जागल्या आरोळी ठोकतो ती ज्याचे पीक आहे त्याच्यासाठी.

राहिली शाळेची बदनामी. त्यावर आमच्या अमरावती जिल्ह्याने एक मोठे उत्तर देऊन ठेवले आहे. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा ज्या गावी जात तेथे आधी हाती खराटा घेत आणि गाव झाडीत, कीर्तन मागाहून. ज्या गावात त्यांनी केर काढला त्या गावाची बदनामी झाली असे कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. दिवाळीच्या आधी आपणही माळ्यावरचे जाळे काढतो, पेटाऱ्यामागची झुरळे हुसकतो. केर दिसला म्हणून घराची लाज गेली, असे म्हणणारी गृहिणी मला अजून भेटायची आहे.

मावशी मला पुढे एकदा बडनेऱ्याच्या स्टेशनावर भेटली. अमरावतीला कुठल्याशा वसतिगृहात ती पोळ्या लाटीत होती. माझ्या घशाशी क्षमेचे शब्द आले, पण गाडीच्या गोंगाटात मी भलतेच विचारले, "मावशी, माझ्यावर राग आहे काय?" ती हसली. "राग कायचा सर? मले ताटं मोजाचं काम देल्लं होतं, मी मोजले." आणि मग थोडे थांबून म्हणाली, "तुमचं अक्षर मात्र लय सुंदर होतं." तिला वाचता येत नव्हते. तिच्या मनात उपरोध होता की नाही हे मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही.

सातवीतल्या त्या मुलीचेही सांगायचे राहिले. काझीखेडची ती ओळ पुन्हा आठवून मी तिला दुसऱ्या दिवशी बोलावले. "काही नाही सर," तेच उत्तर. तिसऱ्या दिवशीही तेच. एकदा लावलेले दार बाहेरून उघडत नाही. शेवटी चार दिवसांनी तिने ते आमच्या आताच्या खिचडीच्या बाईंना सांगितले. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली होती, मोठी मुले मुद्दाम दार ढकलीत, म्हणून काही मुली दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. बाईंनी ते मला सांगितले. मी मुख्याध्यापकांना लेखी दिले आणि पोच घेतली. त्याच संध्याकाळी नवी कडी बसली. त्या मुलांच्या पालकांनाही बोलावणे गेले. कडी आली ४० रुपयांची.

दिवाळीची सुटी संपली की शाळा उघडेल आणि पुन्हा ते वाक्य सुरू होईल, "सर, हा पाहा नं!" या खेपेला मी कुंचला खाली ठेवून मान वर करायची असे ठरवले आहे. पन्नासांतल्या एकोणपन्नास फिर्यादी खडूच्याच असतील, हे मला माहीत आहे. हजेरीची माझी रीत मात्र मी कधीच बदलली आहे. आधी वर्गातली डोकी मोजतो, आणि मग नावे घेतो.